झोया मावशीचा भोंगा

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार

पुन्हा जिंकलो. ४-१. सलग पाचवा सामना. अख्खं गाव रस्त्यावर नाचतंय आणि मी घरी येऊन दाराला कडी लावून बसलेय.

कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहिते — मला आमचा आइस हॉकीचा क्लब हरलेला चालतो. हरत होता तेव्हा मॅचला साठ माणसं यायची. साठ माणसं मी दोन मिनिटांत तळघरात उतरवायचे. आज दोनशे चौदा होती. दोनशे चौदाच, कारण तळघरात बसायला तेवढीच जागा आहे, आणि जागा तेवढीच तिकिटं असा नियम. फाटकाबाहेर आणखी शंभरेक जण नुसते आवाज ऐकायला उभे. त्यांना मी कुठे घालू?

माझं काम एवढंच. गुण मांडणाऱ्याच्या टेबलाशेजारी बसायचं, डोळे फोनवर, बोट लाल बटणाजवळ. फोनवर हवाई हल्ल्याचा इशारा आला की बटण दाबायचं. भोंगा होतो, पंच शिट्टी मारतात, सगळे खाली. आधी प्रेक्षक, मग खेळाडू. स्केट घालून दगडी जिना उतरता येत नाही, म्हणून मी वॅगन कारखान्यातले जुने रबरी पट्टे मागून आणले आणि पायऱ्यांवर ठोकून घेतले. ती अक्कल माझी. बाकी कुणी म्हणणार नाही म्हणून मीच लिहून ठेवते.

नाझारने एक गोल केला. माझ्याकडे बघून काठी उंचावली म्हणे. मी फोन बघत होते. घरी आल्यावर म्हणाला, "आई, एखादा गोल तरी बघत जा की."

"तू खेळ, मी बघतेय ना तिथे बसून."

"तेच तर. बघत नाहीस."

२७ ऑक्टोबर, रविवार

तीनदा भोंगा. दुपारी एकला सुरू झालेली मॅच सहाला संपली. जिंकलो. गुडघ्यांचं पार वाटोळं झालंय.

३ नोव्हेंबर, रविवार

पेपरात आलंय — लेलेकाची भरारी! लेलेका म्हणजे करकोचा, क्लबचं नाव, छातीवरही तोच काढलाय, म्हणून भरारी. कळलं.

भरारी कसली. चार वर्षांपूर्वी ही वॅगन कारखान्याची रविवारची टीम होती. नाझारचे बाबा खेळायचे तेव्हा निम्मे लोक चष्मा लावून खेळायचे. मग तिकडे पूर्वेला, आघाडीवरच्या दोनबासमध्ये एक बर्फाचं मैदान हल्ल्यात जळालं. तिथले प्रशिक्षक हेन्नादी स्तेपानोविच पाच पोरं आणि चकत्यांची एक पिशवी घेऊन आमच्या गावात उतरले. मग आणखी दोन क्लब बंद पडले, त्यांचे चांगले खेळाडूही इकडे आले. आमचा गोलरक्षक यारेमा त्यातलाच. मग कारखान्याने पगार सुरू केले, आणि आता आम्ही व्यावसायिक क्लब, लीगमध्ये दुसरे.

दुसऱ्यांचं बर्फ गेलं म्हणून आम्ही वर आलो. हे पेपरात नाही. हेन्नादी स्तेपानोविचना मी तसं बोलूनही दाखवलं. ते कमी बोलतात, गळ्यातल्या घड्याळाशी खेळत राहतात. म्हणाले, "झोया पिलिपिव्ना, वर चढलेलं आभाळातून दिसतं. तसं दिसायची मला भीती वाटते." म्हणजे ते पण. मला जरा बरं वाटलं, आणि मग जास्तच भीती वाटली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

तामिलाला जाऊन दोन वर्षं.

चार शेवंतीची फुलं नेली. कबरीवरचं पान न् पान वेचलं. तिच्याशी बोलत बसले, ती असताना बोलायचे तशीच, भांडल्यासारखी.

बेकरीच्या रांगेत आम्ही दोघी बहिणी होतो. सकाळ होती. लांबून ड्रर्र असा आवाज आला. ड्रोनला सगळे मोपेडच म्हणतात, कारण आवाज अगदी तोच. मी म्हटलं, "तामिला, मोपेड." तिने फोन काढून पाहिला. "इशारा नाहीये गं. तीनच माणसं पुढे आहेत, पाव घेऊन जाऊ." मी तिचा हात ओढला. तिने हिसका देऊन सोडवला, वर हसली — घाबरट कुठली. मी एकटी पळाले, रस्त्याखालच्या भुयारी वाटेत. फोनवरचा इशारा तीन मिनिटांनी आला; तोवर बेकरी उरली नव्हती.

तीन मिनिटं. हे मी नाझारला कधी सांगितलेलं नाही. त्याला वाटतं मी त्या दिवशी घरी होते. मावशीला रांगेत सोडून पळाले हे पोराला कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून फोनवर माझा विश्वास नाही. आणि काम माझं फोन बघायचं.

८ डिसेंबर, रविवार

दुसऱ्या डावात वीज गेली. जनित्रावर निम्मे दिवे लागले, बर्फ मऊ पडलं, चकती चिखलातून ढकलावी तशी. तरी जिंकलो. हरतच नाहीत ही पोरं! बुफेवाली ओदार्का म्हणाली, "अगं, हस की जरा. तुझ्या तोंडाकडे बघून माझा चहा गार होतो."

नाझारला तोंडावर चकती लागली, तीन टाके. त्याची मला भीती वाटत नाही. टाके दिसतात, मोजता येतात.

२५ डिसेंबर, बुधवार

काल नाताळच्या आदल्या रात्री जेवायला नाझार आणि यारेमा. यारेमाचं घर आता आघाडीपलीकडे, शत्रूच्या ताब्यात गेलेलं, त्याला कुठे जायचंय. नाताळची खीर, कुत्या केली — गहू, खसखस, मध. तामिलाचं ताट रिकामं मांडलं. यारेमाने विचारलं, कुणाचं? नाझार म्हणाला, "मावशीचं. बाँबमध्ये गेली." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली.

यारेमा नकला फार छान करतो. माझी पण केली — एक डोळा फोनवर, एक आभाळाकडे, बोट हवेत. मी हसले. खरंच हसले.

१८ जानेवारी २०२५, शनिवार

क्रावेत्स साहेबांनी बोलावलं. आमचे संचालक. टेबलामागे मिठाईवाल्यासारखे बसतात, सगळ्यांना काहीतरी देऊ करणारे. म्हणाले, "झोया पिलिपिव्ना, पुढच्या मॅचपासून चारशे तिकिटं."

"आणि तळघर?"

"समोरच्या शाळेखाली जागा आहे. निम्मे तिकडे."

मी दुपारी जाऊन पावलं मोजली. आमच्या दारापासून शाळेच्या तळघरापर्यंत एकशे सत्तर. बर्फावरून, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने, चार मिनिटं. परत जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बाई, लोकांना जरा जगू द्या. या गावाला तीन वर्षांत एक गोष्ट बरी मिळालीय." खोटं नव्हते बोलत. तेच तर कठीण. खोटं बोलले असते तर भांडले असते.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज मी एक पाप केलं.

इशारा आला. साहेब मागे उभे होते. वाकून म्हणाले, "त्यांचं मिग विमान उडालंय फक्त, बघा, फोनवर सगळे लिहितायत. अर्ध्या तासात उतरेल. तीन मिनिटं राहिलीत, संपू दे." मी बटणावर बोट ठेवून बसले. दाबलं नाही. चार मिनिटं. चारशे माणसं ओरडतायत, नाझार बर्फावर, आणि मी हात आखडून बसलेली. मॅच संपली, मग दाबलं. काही झालं नाही. लोक जिना उतरताना माझ्या खांद्यावर थापट्या मारत होते. शाबास मावशी.

घरी येऊन कडी लावली.

पुन्हा कधी नाही. फोन काहीही म्हणो, साहेब काहीही म्हणोत. माझ्या कानांनी ऐकलं तर मी थांबणार नाही. तामिलाची शपथ.

२२ मार्च, शनिवार

उपांत्य फेरी जिंकली! अंतिम फेरीत राजधानीचा संघ. पाचापैकी तीन जिंकायच्या, पाचवीची वेळ आलीच तर आमच्या मैदानावर.

कुणीतरी माझ्या हातात ट्युलिप कोंबले. "कॅप्टनच्या आईला!" मी मोजले. आठ. एक पटकन काढून ओदार्काच्या पेल्यात ठेवला. सम फुलं फक्त मेलेल्यांना नेतात. देणाऱ्याच्या ध्यानात आलं नसेल, गर्दीत एखादं गळलंही असेल. पण मला दिवसभर तेच.

११ एप्रिल, शुक्रवार

दोन-दोन झालंय. उद्या पाचवी. गावात पाव मिळेना, सगळ्या बेकऱ्या करकोच्याच्या आकाराचे बन भाजतायत. नाझार झोपायला जाताना दारात थांबला. "आई, उद्या तरी बघशील?"

"बघीन."

"फोन नाही. मला."

"दोन्ही बघीन रे."

हसला. लहान होता तेव्हा दात पडले होते तसाच.

१२ एप्रिल, शनिवार

हरलो. माझ्यामुळे.

१३ एप्रिल, रविवार

लिहिते. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

२-१ ने पुढे होतो. सहा मिनिटं बाकी. राजधानीवाले दमले होते, आमची पोरं त्यांना त्यांच्याच अर्ध्यातून बाहेर येऊ देत नव्हती. आणि माझ्या मागचं, बुफेचं सामान आत घेतात ते दार जरासं उघडं. त्यातून आलं. ड्रर्र. लांबून, मग जवळ.

फोन पाहिला. इशारा नाही.

आणि मला फोन दिसलाच नाही खरं तर, तामिलाचा हात दिसला, तिचे ते फोन धरलेले लाल लोकरी हातमोजे. मी बटण दाबलं. वर उभी राहून ओरडले पण — खाली चला, खाली! चारशे माणसं उठली. निम्मी जिन्याने, निम्मी रस्ता ओलांडून शाळेकडे. म्हाताऱ्या बायका पडल्या. पोरं स्केटवर खडखडत उतरली. पाच मिनिटांत सगळे खाली.

तळघरात सगळे फोन बघत होते. कुणाच्याच फोनवर काही नाही. मग वरून ओदार्काचा भाचा खाली आला, हातात दोन मोठ्या पिशव्या. विजयासाठी बन मागवले होते तिने. मोपेडवरून आला होता. खरीखुरी मोपेड, निळी, मागे खोकं बांधलेलं. म्हणाला, "सगळे खाली का बसलेत?"

 आधी राजधानीचा एक खेळाडू हसला. मग सगळेच हसले. आमचे सोडून.

भांडाभांडी, तक्रार, पंचांचा विचारविनिमय. चाळीस मिनिटं गेली. पोरांचे पाय थंड पडले, राजधानीवाल्यांना दम खायला मिळाला. सहा मिनिटांत दोन गोल खाल्ले. २-३.

नाझार माझ्यासमोर आला. शिरस्त्राण काढलं नाही. "आई, तू घरी जा," एवढंच म्हणाला. रात्री कपड्यांची पिशवी भरून क्लबच्या वसतिगृहात गेला.

आज वेर्बाचा, म्हणजे विलोचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. चर्चबाहेर सगळे एकमेकांना विलोच्या काठ्या हलक्या लावतात, तब्येत बरी राहावी म्हणून. शेजारणीने मला लावली ती हलकी नव्हती.

२० एप्रिल, रविवार

ईस्टर. गोड पाव भाजला, अंडी रंगवली. नाझार नाही आला. यारेमाकडून निरोप — सराव आहे. ईस्टरला कुठला सराव. मी डबा भरून वसतिगृहाच्या फाटकावर ठेवून आले.

६ मे, मंगळवार

बटण काढून घेतलं. साहेब वाईट बोलले नाहीत, उलट चहा पाजला. आता मी कोट सांभाळायच्या खोलीत. बिल्ला द्यायचा, कोट टांगायचा. मे महिन्यात कोट कोण घालतं!

रस्त्यावर पोरं मला बघून ड्रर्र करतात. एका सहा वर्षांच्या पोरीने केलं आणि तिच्या आईने तिला दटावलं. त्या आईचाच जास्त राग आला.

हेन्नादी स्तेपानोविच संध्याकाळी घरी आले. बोर्शच्या, बीटच्या सुपाच्या दोन वाट्या खाल्ल्या. जाताना बूट घालत म्हणाले, "आमचं मैदान जळालं त्या दिवशी आत कुणी नव्हतं. माहितीये का? आदल्या दिवशी पाईप फुटला म्हणून सराव रद्द केला होता. मी त्या प्लंबरला शिव्या घातल्या होत्या." मग गेले.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पुन्हा बर्फ घातलंय. सराव सुरू. आणि पोरांनी नवा खेळ काढलाय.

आमच्या रस्त्यावरून आता दिवसातून दहा मोपेड जातात, सामान पोचवणारे. आवाज आला की यारेमा जाळीतून बोंबलतो, "झोया मावशीऽ!" आणि सगळे काठ्या टाकून, हसत, एकमेकांना ढकलत, रबरी पट्ट्यांवरून धडधडत तळघरात. जो शेवटी पोचेल त्याने सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या धुवायच्या. मग वर येतात आणि दहा मिनिटांनी पुन्हा.

जिना माझ्या खोलीला लागूनच. प्रत्येक वेळी माझ्यासमोरून जातात. मी कोटांच्या आकड्यांकडे तोंड करून उभी राहते. नाझारही त्यांच्यात असतो. माझ्याकडे बघत नाही.

मला वाटलं प्रशिक्षक दटावतील. ते जिन्याच्या तोंडाशी उभे असतात, घड्याळ धरून. आज ओरडले, "अठ्ठेचाळीस सेकंद! म्हाताऱ्या बायका बऱ्या!"

त्यांच्याकडूनही ही थट्टा. याची अपेक्षा नव्हती.

७ सप्टेंबर, रविवार

नव्या मोसमाची पहिली मॅच. नवे कपडे, नवा फलक, दूरचित्रवाणीवाले. ६-० जिंकलो. मी कोटांच्या खोलीत बसून ऐकलं. बटणावर आता एक तरुण बाई आहे, चांगली आहे, फोन नीट बघते. फक्त फोनच बघते.

मॅच संपल्यावर नाझार खोलीच्या दारात आला. पाच महिन्यांत पहिल्यांदा. उभा राहिला. म्हणाला, "यारेमाला तुझी कुत्या हवीये नाताळला." मी म्हटलं, करीन. आणि मग, का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. बेकरी, रांग, तिचा हात, माझं पळणं, तीन मिनिटं. कोटांसमोर उभी राहून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग पिशवी खांद्याला लावून गेला.

सांगायला नको होतं. आता तो मला घाबरट पण म्हणेल आणि बहिणीला टाकून पळालेली पण.

२४ सप्टेंबर, बुधवार

खेळ चालूच. एकेचाळीस सेकंद.

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

छप्पर राहिलं नाही. बर्फावर आता आभाळ आहे.

सकाळी सव्वादहाला ड्रर्र ऐकू आलं. फोन गप्प. मी जागची हलले नाही — पोरांचा माझ्यावरचा खेळ, त्यात मी कुठे धावू, लाज वाटली. यारेमा ओरडला. सगळे हसत खाली गेले, हेन्नादी स्तेपानोविच त्यांच्या मागे. नाझार शेवटचा. त्याने माझी बाही धरली आणि सोडली नाही. "चल आई." अर्ध्या जिन्यात होतो तेव्हा वर छपरावर ड्रोन पडला.

बावीस जण. मी तीनदा मोजले. त्यानंतर फोन वाजले.

नाझार शेवटी पोचला, म्हणून बाटल्या त्याच्यावर. तळघराच्या नळाखाली धुतोय. मी बघत बसलेय.